पाटण तालुक्यावरील संकटे आणि गावाची आठवण

श्रीकृपेने, ग्रामस्थांच्या श्रमाने आणि मुंबईकर मंडळींच्या उदार हस्ते आपल्या ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला आहे. अशा मंगलप्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत देवस्थानचा महिमा, गावची परंपरा आणि देणगीदारांची नामावली असते. या तालुक्यावर आजवर जी संकटे आली, त्यांचाही वृत्तांत त्याच्या जोडीला असणे उचित ठरेल. कोयना खोऱ्यात देवळे मोडकळीस येतात ती केवळ वयाने नव्हे. येथे जमीन हादरते, डोंगर खचतो आणि नदी चढते. देऊळ पुन्हा उभे करणाऱ्या पिढीने हे ध्यानी ठेवले, तरच पुढच्या पिढीला ते उभे सापडेल.

भूमी आणि पाऊस

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला सह्याद्रीच्या कुशीत पाटण तालुका वसला आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना नदी सुमारे पासष्ट किलोमीटर जवळजवळ सरळ दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ एकाएकी पूर्वेकडे वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णामाईच्या कुशीत शिरते. नदीची ही सरळ वाट आणि हे अचानक वळण जमिनीखालील जुन्या भेगांची खूण असावी, असे काही भूशास्त्रज्ञ मानतात. केरा, मोरणा, तारळी, वांग या नद्यांची खोरीही याच तालुक्यात आहेत. माथ्यावर जांभ्याचे सडे, खाली काळा कातळ, मधल्या उतारावर माती आणि त्या मातीवर माणसांच्या वाड्या, अशी येथील एकंदर रचना आहे.

पावसाचे तर विचारूच नये. कोयनानगर परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून साठ किलोमीटरच्या आत असलेल्या कराडला त्याच्या चौथा हिस्साही पडत नाही. एकाच नदीच्या काठी वरच्या अंगाला इरले डोक्यावरून उतरत नाही आणि खालच्या अंगाला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. भरपूर पाणी आणि उंच डोंगर यांमुळेच येथे धरण बांधणे शक्य झाले, आणि धरणामुळे या खोऱ्याचे नाव जगाच्या नकाशावर गेले.

कोयना धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले. पायापासून १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून अधिक लांब अशी ही भिंत आहे. १९६१-६२ पासून शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले. सुमारे शंभर गावे पाण्याखाली गेली वा उठली. कित्येक कुटुंबे आपले देव डोक्यावर घेऊन सोलापूर, सांगली, रत्नागिरी, ठाणे, कुलाबा अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली. काही माणसे गाव सोडवेना म्हणून डोंगराच्या उतारावर वर सरकली. कोयनेच्या विजेने मुंबईचे कारखाने आणि महाराष्ट्रातील दिवे उजळले, त्यामागे या माणसांचा त्याग आहे, हे विसरून चालणार नाही.

अकरा डिसेंबर १९६७

पाणी साठू लागल्यानंतर लवकरच खोऱ्यात लहान लहान धक्के जाणवू लागले. जमिनीखाली गुरगुर व्हावी, मांडणीवरची भांडी वाजावी आणि क्षणात सारे शांत व्हावे, असे प्रकार वारंवार घडू लागले. आरंभी लोक घाबरले, पुढे त्यांना सवय झाली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचाच्या पुढच्या तीव्रतेचा धक्का बसला. तो मोठ्या भूकंपाआधीचा इशारा होता. परंतु त्या काळी दख्खनचे पठार म्हणजे अचल, स्थिर भूमी, असाच सर्वांचा, अगदी शास्त्रज्ञांचाही, समज होता. त्यामुळे त्या इशाऱ्याचा खरा अर्थ फारसा कोणाच्या ध्यानी आला नाही.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, सोमवार दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तो महाभयंकर भूकंप झाला. थंडीचे दिवस असल्यामुळे माणसे दारे लावून, पांघरुणे ओढून घरात झोपली होती. शास्त्रज्ञ या भूकंपाची तीव्रता साधारणतः ६.३ मानतात. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाली. मुंबई, पुणे, गोवा येथेही माणसे झोपेतून उठून घराबाहेर आली. कोयनेची वीज खंडित झाल्याने मुंबईतील कारखान्यांची चाके थांबली. पाटण तालुक्यातील अनेक घरांतील कर्ते पुरुष त्या काळी मुंबईत गिरण्यांत, गोदीत आणि बाजारात काम करीत होते. त्यांना गावाकडचा हा हाहाकार दूर मुंबईत बसून ऐकावा लागला.

धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, परंतु धरण उभे राहिले. ही त्या दुःखातील मोठीच सुदैवाची गोष्ट होय. पुढे १९७० च्या दशकात भिंतीला पाठीमागून काँक्रीटचे आधार देऊन ती बळकट करण्यात आली. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण पुढे २००५-०६ च्या सुमारास झाले. सरकारने आपले बांधकाम दोनदा तपासून बळकट केले. गावकऱ्यांनी आपापली घरे किती वेळा तपासली, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो.

त्या पहाटे माणसे जमिनीच्या हादऱ्याने मेली नाहीत, ती घराखाली सापडून मेली. त्या वेळची घरे बहुतांशी दगडमातीची होती. भिंती जाड, पण आतला दगड आणि बाहेरचा दगड यांना एकमेकांशी बांधणारे काही नसे. मधे मातीचा गिलावा आणि बारीक दगडांची भर घातलेली असे. जमीन आडवी हलली की भिंतीचे दोन पदर सुटतात, पोट फुगते आणि दगड आत झोपलेल्या माणसावर येतात. ज्या घरांचे छप्पर लाकडी खांबांवर तोललेले होते त्यांच्या भिंती पडल्या तरी छप्पर काही काळ तग धरू शकले. जेथे सारा भार भिंतीवरच होता तेथे भिंतीबरोबर सारे खाली आले. धक्का घर पाडतो आणि घर माणूस मारते, हा त्या पहाटेचा पहिला धडा होय.

चाफळची दोन देवळे

समर्थ रामदास स्वामींनी १६४८ साली चाफळ येथे श्रीरामाची स्थापना केली. हे क्षेत्र पाटण तालुक्यातच मांड नदीच्या काठी आहे. १९६७ च्या भूकंपात तेथील राममंदिराचे नुकसान झाले. पुढे उद्योगपती अरविंद मफतलाल यांच्या साहाय्याने त्याचा जीर्णोद्धार झाला आणि १९७२ साली आजचे भव्य मंदिर उभे राहिले. जीर्णोद्धाराची ही मोठी परंपरा आपल्या तालुक्याच्या पाठीशी आहे.

राममंदिराच्या मागे समर्थस्थापित मारुतीचे लहानसे देऊळ आहे. भूकंपात चाफळ परिसराची मोठी हानी झाली, पण मारुतीचे हे देऊळ टिकून राहिले, असे तेथे सांगतात. भाविक ती मारुतीरायाची कृपा मानतात आणि त्या श्रद्धेला कोणी बाधा आणण्याचे कारण नाही. पण गवंड्याच्या दृष्टीनेही या गोष्टीत काही शिकण्यासारखे आहे. लहान, ठेंगणे, चारी बाजूंनी सारखे, ज्याच्या डोक्यावर अकारण ओझे नाही असे बांधकाम धक्का चांगला सोसते. उंच, जड आणि वर फुगत गेलेले बांधकाम अधिक डोलते. देवाच्या घरालाही जमिनीचे हे नियम लागू आहेत.

शास्त्रज्ञांनी काय शोधले

धरणामुळे भूकंप झाला की नाही, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. आज देशोदेशीचे शास्त्रज्ञ कोयनेचा दाखला देतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे अनेक वर्षे अभ्यास केला असून डॉ. हर्ष गुप्ता यांचे नाव या कामाशी निगडित आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जमिनीखाली खोलवर जुन्या भेगा आहेत आणि त्यांत ताण साठलेला आहे. जलाशयाचे वजन आणि भेगांतून खाली झिरपणारे पाणी यांमुळे तो ताण लवकर मोकळा होतो. पाणी ताण निर्माण करीत नाही, ते त्याला निमित्त ठरते. तट्ट भरलेल्या गोणीची वीण उसवण्यास जसे शेवटचे पायलीभर धान्य पुरते, तसाच हा प्रकार आहे.

१९८५ पासून शेजारच्या वारणा धरणात पाणी साठू लागले आणि १९९३ च्या सुमारास धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूलाही पसरलेले दिसले. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या काळात धक्के वाढतात, असेही आढळून आले आहे. १९६७ नंतर पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसच्या आसपास धक्के या परिसराने सोसले. सप्टेंबर १९८०, ऑगस्ट व डिसेंबर १९९३, मार्च व सप्टेंबर २०००, मार्च २००५ हे त्यांपैकी काही होत. २०१७ साली या खोऱ्यात सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन घेऊन जमिनीच्या पोटातील खडक तपासण्यात आला. कराडजवळ हजारमाची येथे यासाठी खास प्रयोगशाळा आहे. जगभरातील विद्वान ज्या भूमीचा अभ्यास करतात, त्या भूमीवर राहणाऱ्या माणसाला तिचा स्वभाव ठाऊक नसावा, हे काही बरे नव्हे.

इतके करूनही, भूकंप अमुक दिवशी अमुक वेळी होईल असे आजही कोणास सांगता येत नाही. तेव्हा तारीख सांगणाऱ्या अफवांवर विश्वास ठेवू नये. ‘धरण फुटले’ या आरोळीने रात्री-अपरात्री पळापळ होऊन माणसे खड्ड्यात, विहिरीत पडण्याचा धोका असतो. त्यापेक्षा तलाठी, पोलीस पाटील किंवा तहसील कचेरीतून खातरजमा करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

दाखला राहिला, धडा विसरला

‘भूकंपग्रस्त’ हा शब्द पाटण तालुक्यात घरोघरी परिचित आहे. १९६७ च्या भूकंपात ज्यांची हानी झाली त्यांच्या कुटुंबांना तसे दाखले मिळाले आणि शासकीय नोकरभरतीत भूकंपग्रस्तांसाठी काही जागा राखून ठेवल्या गेल्या. मुलाने बारावी केली, पदवी घेतली, की आजोबांच्या नावाचा पंचनामा, घरठाण उतारा आणि वारसाची साखळी यांसाठी धावपळ सुरू होते. कोठे जुन्या कागदावरचे नाव जुळत नाही, कोठे कागदच वाळवीने खाल्लेला असतो. दाखला मिळणे हा हक्क आहे आणि तो मिळावा यात शंका नाही.

मात्र त्या दाखल्याच्या जोडीला जो धडा होता तो मागे पडला आहे. दाखला पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला जातो आणि ज्या घरात ती पेटी असते त्या घराच्या भिंती मात्र दगडमातीच्याच असतात. कित्येक ठिकाणी मुंबईहून पैसा आला की जुन्या भिंती तशाच ठेवून वर काँक्रीटचा स्लॅब टाकला जातो. कौले, वासे गेले आणि घर ‘पक्के’ झाले याचे समाधान वाटते. वास्तविक त्या घराचा धोका पूर्वीपेक्षा वाढलेला असतो, कारण दुबळ्या भिंतीच्या डोक्यावर कित्येक पट ओझे चढलेले असते.

याचे भीषण प्रत्यंतर महाराष्ट्राने किल्लारीला पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. त्याची तीव्रता कोयनेच्या भूकंपाएवढीच, सहाच्या थोडी पुढे होती. वेळही पहाटेचीच होती. परंतु कोयनेला सुमारे १८० माणसे गेली आणि तिकडे सुमारे आठ हजार. तिकडे मोठी, दाट वस्तीची गावे होती, जाड दगडी भिंती होत्या आणि त्यांवर मातीची जड माळवदे होती. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या आणि छपरे हलकी, म्हणून पुष्कळ जीव वाचले. तेथेही आदल्या वर्षी, १९९२ साली, लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. आज आपल्या वाड्यांतील हलकी छपरे जाऊन जड स्लॅब येत आहेत, तेव्हा किल्लारीचा इतिहास दूरच्या मुलखातला म्हणून सोडून देता येणार नाही.

१९६७ पूर्वी देशाच्या भूकंप नकाशावर हा भाग सुरक्षित गणला जात असे. १९७० च्या सुधारित नकाशात कोयना परिसर चौथ्या विभागात, म्हणजे मोठ्या धोक्याच्या पट्ट्यात, दाखवला गेला. नकाशा तीन वर्षांत बदलला, पण गवंड्याची ओळंब्याची दोरी बदलण्यास पन्नास वर्षेही पुरली नाहीत.

घर बांधताना काय करावे हे सांगण्यास मोठ्या ग्रंथाची गरज नाही. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली असे तीन सलग पट्टे लोखंडी सळ्या घालून चारी भिंतींभोवती फिरवावेत. कमरेला पट्टा बांधलेला माणूस जसा ताठ उभा राहतो तसेच घराचे होते. दगडी भिंत असेल तर ठरावीक अंतरावर तिच्या आरपार जाणारा लांब दगड बसवावा. कोपऱ्यात सळई द्यावी. दारे-खिडक्या कोपऱ्याला खेटून ठेवू नयेत. जुन्या दगडमातीच्या भिंतीवर स्लॅब कदापि टाकू नये. या गोष्टींनी बांधकामाचा खर्च थोडा वाढतो, पण वास्तुशांतीच्या जेवणावळीत कपात करूनही तो भागवता येतो.

डोंगर खचतो तेव्हा

भूकंपाची आठवण तालुक्याला निदान दाखल्यापुरती आहे. दरडीचे संकट मात्र अलीकडे पुन्हा पुन्हा येऊ लागले आहे. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण हे गाव डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एस.टी. चालकाला गावच जागेवर दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर आली. २०२३ च्या जुलैत रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली.

या दोहोंच्या मधे, २२ व २३ जुलै २०२१ रोजी, संकट आपल्याच दारी आले. २२ जुलैच्या सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले. त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे घरांवर डोंगर आले. घरेच्या घरे माणसांसह मातीखाली गेली. रस्ते वाहून गेले, मोऱ्या तुटल्या, वीज आणि फोन बंद पडले. बाहेरची मदत पोहोचण्यास वेळ लागला. अशा वेळी पहिले हात शेजाऱ्यांचेच असतात. पहारी, फावडी, घमेली घेऊन शेजारची वाडी धावते, तेच पहिले बचाव पथक ठरते.

दरड कोसळण्यापूर्वी पुष्कळदा डोंगर काही खुणा दाखवतो. घराच्या वरच्या अंगाला जमिनीत नवी चीर पडते आणि दर दिवशी रुंद होते. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होतो किंवा आटतो, नाही तर कोरड्या जागी नवे पाणी फुटते. झाडे आणि विजेचे खांब कलतात. दार चौकटीत अडकू लागते, जोते फाटते. वरून लहान दगड घरंगळू लागतात. रानातला गुराखी, पाणी भरणारी बाई आणि मधाला किंवा लाकडाला जाणारा माणूस यांना या खुणा कचेरीतील साहेबांच्या आधी दिसतात. त्यांनी सांगितलेले हसण्यावारी नेऊ नये. भर पावसात अशी खूण दिसली तर रात्र पडण्याची वाट न पाहता घर सोडावे. गुरांची दावी सोडून द्यावीत. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात.

डोंगर नुसता पावसाने खचतो असेही नाही. रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा उभा कापला, वरचे जंगल तोडले, ओढ्याची जुनी वाट बुजवली की पाण्याला मार्ग राहत नाही. पूर्वजांनी बांधलेले ताली-बांध पडू देणे हेही त्यातलेच. पाणी अडवावे हे खरे, पण वस्तीच्या डोक्यावरच्या उतारात ते मुरवू नये, तेथे त्याला बाजूने काढून द्यावे.

नदी चढते तेव्हा

पुराच्या बाबतीत पाटणकरांना फारसे सांगावे लागत नाही. मूळगाव आणि संगमनगर धक्का येथील जुने पूल पाण्याखाली गेल्याने पलीकडची गावे तुटल्याचे अनेक पावसाळ्यांत पाहिले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या साली पाण्याने विशेष जोर केला आणि पुढे कराड, सांगलीपर्यंत हाहाकार उडवला. शिवसागराची क्षमता आज १०५ टी.एम.सी.च्या थोडी वर आहे. धरण भरत आले आणि पाऊस थांबेना म्हणजे दरवाजे उघडावेच लागतात. सोडलेले पाणी आणि केरा, मोरणा यांचे स्वतःचे पाणी एकाच वेळी आले की नदी पात्र सोडते. भोंगा, दवंडी किंवा फोनवरून इशारा आला की ‘अजून बांधापर्यंत तर आले नाही’ असे म्हणत बसू नये. पुलावरून पाणी वाहत असताना मोटारसायकल घालण्याचे धाडस म्हणजे शौर्य नव्हे. पूर काही तासांनी ओसरतो, गेलेला माणूस परत येत नाही.

कायदा, कचेरी आणि गाव

किल्लारीनंतर महाराष्ट्राने जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्ती नियोजनास हात घातला. २००५ साली देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. पावसाळ्यात तहसील कचेरीत नियंत्रण कक्ष चालतो. जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. गावपातळीवर तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्यावर जबाबदारी असते. हे सर्व कागदोपत्री व्यवस्थित आहे. परंतु तालुक्याचे क्षेत्र मोठे, वाट डोंगराळ आणि माणसे मोजकी. पहिल्या चार-सहा तासांत गावाला गावच उपयोगी पडते. शासनाची मदत त्यानंतर येते.

म्हणून गावाने काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. कोणत्या घरात एकटी वृद्ध माणसे आहेत, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, याची यादी दर जूनमध्ये नव्याने व्हावी. तरुण मुंबई-पुण्याला असल्याने बऱ्याच घरांत म्हातारी माणसेच मागे असतात, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. रात्री वाडी सोडायची वेळ आली तर कोणत्या वाटेने आणि कोणाच्या अंगणात जमायचे, हे लहान पोरांनाही ठाऊक असावे. आणि पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडावेत म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या नकला मुंबईच्या खोलीवरही ठेवाव्यात.

जीर्णोद्धाराचे आणखी एक काम

गाव संकटात सापडले की पाय आपोआप देवळाकडे वळतात. तेव्हा नव्या सभामंडपाची या कामी गावाला सोबत व्हावी. देवस्थानच्या कोठीत समया, सतरंज्या आणि मोठी भांडी असतातच. त्यांच्या शेजारी दोन जाड दोरखंड, शिडी, पहारी, बॅटऱ्या, ताडपत्री आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवण्यास फारशी जागा लागणार नाही. काकड आरतीचा ध्वनिक्षेपक इशारा देण्यासही उपयोगी पडेल, मात्र त्याला वीज गेल्यावर चालणारी बॅटरी हवी. घंटेचा एक ठरावीक नाद संकटासाठी राखून ठेवावा आणि तो एरवी कोणी वाजवू नये.

एक दक्षता मात्र घ्यावी. पूर-पावसात मंडप आसरा देईल, पण भूकंपाचा धक्का बसल्यावर मंडपात गर्दी करू नये. अभियंत्याने बांधकाम तपासेपर्यंत मोकळ्या पटांगणातच थांबावे. त्यासाठी देवळापुढचे पटांगण मोकळे राहणे हेही शिखराइतकेच महत्त्वाचे आहे. तेथे दुकानगाळे काढावेत असा विचार पुढे कधी निघाल्यास ही गोष्ट आठवावी. उत्पन्न थोडे कमी झाले तरी चालेल.

अकरा डिसेंबर हा दिवस दर वर्षी येतो. त्या दिवशी गाव सभामंडपात जमावे. ज्यांनी ती पहाट पाहिली ती माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. त्यांनी मुलांना सांगावे, मुलांनी ऐकावे, गेलेल्या जीवांसाठी दोन मिनिटे शांत उभे राहावे, आणि मग पटांगणात येऊन घर रिकामे करण्याचा सराव करावा. यात्रा जशी चुकत नाही तसा हा दिवस चुकू नये. जे वर्षातून एकदा ठरलेल्या तिथीला होते तेच गावात टिकते, हा सर्वांचा अनुभव आहे.

ज्या दात्यांनी घामाचा पैसा देवळासाठी दिला, ज्या माताभगिनींनी डोक्यावरून माती वाहिली आणि ज्या तरुणांनी सुट्टीत येऊन श्रमदान केले, त्यांच्या कष्टांनी ही वास्तू उभी राहिली आहे. तिच्या छायेतील प्रत्येक घर तितक्याच काळजीने बांधले जावे, डोंगराची खूण पाहणारे डोळे आणि इशारा ऐकणारे कान गावाला कायम लाभावेत, आणि पुढील जीर्णोद्धार केवळ काळाच्या ओघाने करावा लागावा, संकटाच्या घावाने नव्हे, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.